मांडीतली गाठ आणि मुंबईची वाट : सारकोमाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडातून कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला निघणाऱ्या माणसांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. हे पान वाचून कुणाच्या गाठीचं निदान होणार नाही. मात्र मुंबईला पोचण्याआधी गावात काय होऊ द्यायचं आणि काय नाही, एवढं नक्की कळेल. सारकोमा या कॅन्सरमध्ये पुढचं बरंच काही त्यावरच ठरतं.

"दुखता खंय? मगे कित्याक जावचा?" गाठ दुखतच नाही, तर दाखवायची कशाला?

सारकोमाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच. गळू ठणकतं, सुजतं, पिकतं, म्हणून माणूस लगेच डॉक्टरकडे धावतो. ही गाठ मात्र गुपचूप वाढत राहते आणि पँट घट्ट व्हायला लागली की लक्षात येते.

आधी धीराची गोष्ट. अंगावरच्या बहुतेक गाठी साध्या असतात, चरबीच्या किंवा पाण्याच्या. शंभर साध्या गाठींमागे जेमतेम एखादी सारकोमाची निघते. ती एखादी ओळखायची कशी? गाठ मोठ्या लिंबाएवढी, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, आकार वाढत असेल, खोलवर स्नायूत असेल, किंवा एकदा काढून पुन्हा त्याच जागी आली असेल, तर थांबू नका. यातली एक खूण असली तरी सोनोग्राफी करून घ्या. "वाढते आहे" ही खूण सर्वांत महत्त्वाची. लहान गाठही महिन्या-महिन्याला वाढत असेल, तर ती लहान आहे म्हणून सोडून देऊ नये.

गाठ खोल आहे का, याचा थोडा अंदाज घरीही येतो. मांडीचा स्नायू ताणून घट्ट करायचा आणि गाठ हलवून पाहायची. एरवी हलणारी गाठ तेव्हा जागच्या जागी रुतून बसली, तर ती बहुधा स्नायूत किंवा त्याखाली आहे. हा फक्त अंदाज आहे, यावरून निदान होत नाही.

सारकोमा म्हणजे नेमकं काय?

स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या, सांध्याभोवतीचं आवरण अशा शरीराच्या मऊ भागांत सुरू होणारा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये याचा वाटा साधारण १ टक्का, लहान मुलांत त्याहून जास्त. हातापायांत जास्त आढळतो, त्यातही मांडीत. याचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. त्यामुळे शेजारच्या वाडीतल्या अमक्याला दिलेलं औषध तुमच्या काकांना का दिलं नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "प्रकार वेगळा" एवढंच असतं.

माडावरून उतरताना मार बसला होता, त्यानेच झाला का?

नाही. मार बसला की आपण ती जागा चाचपतो आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. पूर्वी त्याच भागावर रेडिएशन झालेलं असणं, हात किंवा पाय वर्षानुवर्षं सुजलेला असणं, किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस आणि ली-फ्रॉमेनीसारखे घराण्यात चालत आलेले जनुकीय आजार असणं, ही माहीत असलेली कारणं. हा आजार संसर्गाने होत नाही. रुग्णाचं ताट-भांडं वेगळं ठेवायचं काही कारण नाही.

जवळचे सर्जन म्हणतात, "छोटंसं ऑपरेशन आहे, अर्ध्या तासात काढून देतो." काढून घेऊ का?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचा.

गाठ मोठी, खोल किंवा वाढणारी असेल, तर एमआरआय आणि बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) होईपर्यंत तिला सुरी लावू देऊ नका. साधी चरबीची गाठ तिच्या आवरणासकट सोलून काढतात आणि काम संपतं. सारकोमालाही वरून आवरण असल्यासारखं दिसतं, पण ते खरं आवरण नसतं. दबलेल्या पेशींचाच तो थर असतो आणि त्याच्या पलीकडे आजाराचे धागे गेलेले असतात. गाठ सोलून काढली की ते धागे आतच राहतात. शिवाय ऑपरेशनमध्ये सांडलेलं रक्त, टाके, पाणी काढायची नळी जिथे-जिथे जाते, तिथे-तिथे पेशी पोचलेल्या असू शकतात. पुढे तज्ज्ञ सर्जनला तो सगळा भाग पुन्हा काढावा लागतो. जे काम एका नीट आखलेल्या ऑपरेशनमध्ये झालं असतं, त्याला दुसरं मोठं ऑपरेशन लागतं, आणि कधी दुसरीकडची त्वचा-स्नायू आणून जखम झाकावी लागते. आडवा छेद घेतला असेल तर आणखी पंचाईत, कारण हातापायावरचा छेद उभा, अवयवाच्या लांबीच्या दिशेने असावा लागतो.

सर्जन वाईट असतो म्हणून असं होत नाही. तालुक्याच्या गावी सर्जनच्या हाताखालून वर्षाला कितीतरी चरबीच्या गाठी जातात आणि सारकोमा कित्येक वर्षं दिसतही नाही. म्हणून तुम्हीच विचारा: "डॉक्टर, आधी एमआरआय करून बघूया का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आधीच काढून झाली आहे आणि रिपोर्टात सारकोमा आलाय. आता?

घाबरू नका, पण वेळही घालवू नका. असे रुग्ण मोठ्या केंद्रांत रोज येतात आणि त्यांच्यासाठी ठरलेला मार्ग आहे: काढलेली गाठ पुन्हा तपासायची, त्या जागेचा एमआरआय करायचा, आणि गरज असेल तर जुनी जखम धरून आजूबाजूचा भाग मोकळा काढायचा. ऑपरेशनची चिठ्ठी, आधीची सोनोग्राफी आणि मोबाईलवर गाठीचा जुना फोटो असेल तर तोही न्या. गाठ कुठे होती आणि केवढी होती, हे आता दुसरं कुणी सांगू शकत नाही.

याहून वाईट अवस्था म्हणजे गाठ काढली आणि तपासणीला पाठवलीच नाही. अंगातून काढलेली कुठलीही गाठ, कितीही साधी वाटली तरी, पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायोप्सी करावी का?

करावीच. बायोप्सीशिवाय सारकोमाचा उपचार सुरू करता येत नाही. सुईने आजार अंगभर पसरतो हा गैरसमज आहे, पण तो इतका खोल रुजलाय की माणसं बायोप्सीच्या दिवशी ओपीडीतून उठून गावी परततात.

बायोप्सी कुणी करावी आणि कुठून करावी, याला मात्र फार महत्त्व आहे. भागाला भूल देऊन पेनाच्या रिफिलसारखी दिसणारी जाड सुई आत घालतात, तिचा खटका उडतो आणि शेवईएवढा तुकडा बाहेर येतो. असे चार-पाच तुकडे घेतात. सुई ज्या वाटेने आत गेली ती वाट पुढच्या ऑपरेशनमध्ये गाठीसोबत काढून टाकायची असते. म्हणून सुई कुठे टोचायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलून ठरवतात. एमआरआय आधी आणि बायोप्सी नंतर, असा क्रम ठेवायचं कारणही साधं आहे: सुईने आत रक्त साकळलं तर एमआरआयचं चित्र गढूळ होतं.

रत्नागिरीला सुईची तपासणी झालीय, मग मुंबईत पुन्हा का?

ती तपासणी बहुधा एफएनएसी असते. तीत बारीक सुईने सुट्या पेशी मिळतात. सारकोमाचा प्रकार आणि ग्रेड, म्हणजे तो किती आक्रमक आहे ते, ठरवायला पेशींची रचना दिसावी लागते, म्हणून जाड सुईचा तुकडा लागतो.

बायोप्सी आधी नीट झाली असेल तरी टाटासारखी केंद्रं त्यांच्या पॅथॉलॉजिस्टकडून ती पुन्हा वाचून घेतात. आधीच्या लॅबवर अविश्वास म्हणून नव्हे. हे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखे दिसतात आणि दुसऱ्या वाचनात निदान बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ठरावीक प्रथिनांचे रंग चढवून, कधी जनुकांची तपासणी करून प्रकार पक्का करतात. चरबीच्या सारकोमाच्या काही प्रकारांत एमडीएम२ नावाचं जनुक वाढलेलं सापडतं, सायनोव्हियल सारकोमात एसएस१८ मोडलेलं सापडतं. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तो वेळ वाया जात नसतो, पण वाट पाहणं जड जातं हे खरं.

यासाठी लॅबमधून काचा (स्लाइड) आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक, दोन्ही मागून घ्या. नुसता रिपोर्टाचा कागद पुरत नाही. ब्लॉक तुमच्या मालकीचे आहेत, सही करून मिळतात. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नका. आत मेणच असतं.

मग छातीचा सीटी स्कॅन कशाला? आजार तर पायात आहे.

सारकोमा पसरतो तो बहुतेक वेळा रक्तातून आणि आधी फुप्फुसात. म्हणून छातीचा सीटी. मिक्सॉइड लायपोसारकोमा या प्रकारात पाठीच्या कण्याचाही एमआरआय करतात, कारण त्याची वाट वेगळी असते. पेट स्कॅन (आजार अंगात कुठे आहे ते शोधणारा स्कॅन) प्रत्येकाला लागत नाही. तो सांगितला नाही म्हणून दुर्लक्ष झालं असं समजू नका.

पाय कापावा लागेल का?

बहुतेकांचा पाय वाचतो. एके काळी हातपाय काढणं हाच उपाय होता. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने ४३ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. काहींचा अवयव काढला, काहींचा ठेवून गाठ काढली आणि रेडिएशन दिलं. जगण्यात फरक दिसला नाही. तिथून दिशा बदलली आणि आज मोठ्या केंद्रांत दहापैकी नऊच्या आसपास रुग्णांचा हात किंवा पाय राखला जातो.

गाठ काढताना तिच्याभोवती निरोगी मांसाची कड ठेवून, गाठ न दिसता-न फुटता काढायची असते. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल तर वाहिनीचा तुकडा बदलतात. नस काढावी लागली तर पाऊल लोंबू नये म्हणून पट्टा मिळतो. क्वचित अवयव काढणंच शहाणपणाचं ठरतं. तसं सांगितलं गेलं, तर दुसरं मत जरूर घ्या, पण ते सारकोमाचं काम करणाऱ्याच केंद्रात घ्या.

रेडिएशन आधी की ऑपरेशन आधी? आणि मुंबईत किती दिवस राहावं लागेल?

दोन्ही पद्धती चालतात. आधी द्यायचं तर साधारणपणे सोमवार ते शुक्रवार असे ५ आठवडे, मिळून २५ वेळा, आणि मग चार ते सहा आठवड्यांनी ऑपरेशन. नंतर द्यायचं तर मात्रा जास्त आणि दिवसही जास्त, सहा-साडेसहा आठवडे. आधी दिलं तर जखम भरायला त्रास होण्याची शक्यता वाढते. कॅनडातल्या एका चाचणीत ती ३५ टक्के रुग्णांत दिसली, नंतर दिलेल्यांत १७ टक्के. उलट नंतर दिलेल्यांत पुढे पाय कडक होणं, सूज राहणं जास्त. सांध्याजवळच्या गाठीत डॉक्टर म्हणून आधीकडे झुकतात. लहान, वरवरची, कमी ग्रेडची गाठ नीट कड ठेवून निघाली, तर रेडिएशन लागतही नाही.

प्रत्यक्ष मशीनखाली पाचेक मिनिटं जातात आणि काही जाणवत नाही. पाय रोज त्याच जागी यावा म्हणून त्याचा साचा बनवतात आणि अंगावर खुणा करतात. त्या खुणा घासून काढू नका. खाडीत पोहायची सवय असेल तर तेवढे दिवस आवरा.

किमो सगळ्यांना देतात का?

नाही. मोठी, खोल, वरच्या ग्रेडची गाठ असेल तर विचार होतो. आजार पसरला असेल तर किमो हा मुख्य उपचार. लहान मुलांतल्या रॅब्डोमायोसारकोमा या प्रकारात मात्र ती पहिल्यापासून अटळ असते आणि गुणही चांगला येतो. नेहमीची औषधं डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉसफामाइड. पहिलं लालभडक असतं आणि दिल्यावर दिवसभर लघवी तांबडी होते. ते रक्त नसतं. या औषधाआधी हृदयाचा इको करतात. दुसऱ्यासोबत मूत्राशय जपायला मेस्ना देतात आणि पाणी भरपूर प्यायला सांगतात.

लग्न व्हायचं असेल किंवा मूल हवं असेल, तर पहिल्या डोसच्या आधी बोला. पुरुषांना वीर्य गोठवून ठेवता येतं, बायकांसाठीही पर्याय आहेत. हा विषय घरचे वडीलधारे समोर असताना निघत नाही, म्हणून डॉक्टरांना एकटं भेटायचा वेळ मागा.

किमो घेऊन गावी आलो आणि ताप आला तर?

१००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला तर ती घाईची वेळ आहे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. डोसनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात आणि साधा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. तुमचं गाव दापोलीच्या आत असो की देवगडच्या, रात्री रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करील असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे पहिल्या डोसच्या आधीच विचारून ठेवा. किमोचा कागद दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवा, म्हणजे नेणाऱ्याला शोधत बसायला नको.

मासे बंद करायचे का?

का म्हणून? ताजा, नीट शिजवलेला मासा हे उत्तम प्रथिन आहे आणि उपचारात वजन टिकवायला त्याची गरज असते. अर्धवट उकडलेली कालवं-तिसऱ्या मात्र या दिवसांत नकोत. सोलकढी घरची, त्याच दिवशीची.

लेप, शेक, मालीश करून बघू का आधी?

गाठीवर मालीश नको आणि गरम शेकही नको. लेपाने त्वचा भाजली तर ऑपरेशन लांबतं. काढा किंवा झाडपाला चालू असेल तर लपवू नका, कारण काही औषधं किमोच्या वेळी यकृताला जड जातात.

आईच्या पोटातच गाठ आहे, मागच्या बाजूला. तीही सारकोमा असू शकते?

हो. पोटाच्या मागच्या पोकळीत जागा ऐसपैस असल्याने तिथली गाठ फार मोठी होईपर्यंत कळत नाही. थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं होतं, पोट पुढे येतं. इथे सीटी स्कॅन जास्त उपयोगी. ऑपरेशन अवघड असतं, कधी गाठीसोबत मूत्रपिंड किंवा आतड्याचा भाग काढावा लागतो. म्हणून ज्यांचा यात हात बसला आहे त्यांच्याकडेच जावं. जठर-आतड्यातली जिस्ट नावाची गाठ याच कुळातली, पण तिला इमॅटिनिबच्या गोळ्या लागू पडतात. त्यामुळे इथेही नाव पक्कं कळणं आधी.

टाटालाच जायला हवं का?

निदान आणि उपचाराचा आराखडा सारकोमाचं काम रोज करणाऱ्या केंद्रातच व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि तिथे हाडं व मऊ ऊतींच्या गाठींसाठी वेगळा विभाग आहे. सर्जन, रेडिएशनवाले, किमोवाले एकत्र बसून केस ठरवतात, त्याला तिथे जॉइंट क्लिनिक म्हणतात. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक त्यांचंच. सिंधुदुर्गातल्या माणसांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय. आराखडा एकदा ठरला की काही भाग जवळ होऊ शकतो का, हे टाटातच विचारा. अनेकदा होतो.

खर्च, प्रवास, राहणं?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी भेटा, कारण मंजुरी आधी लागते. रेशनकार्डावर नाव चुकलं असेल तर तहसीलदार कचेरीतलं ते काम मुंबईला निघण्यापूर्वीच उरका. टाटातल्या समाजसेवा विभागाची पायरी चढायला लाजू नका.

रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. कोकणकन्या किंवा तुतारीने पहाटे दादरला उतरलं की टाटा जवळच. पायाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला एसटीच्या मागच्या सीटवर बसवून घाटातून आणू नका. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि मूल आजारी असेल तर सेंट ज्यूड. जागा लगेच मिळेलच असं नाही. चाकरमानी नातेवाईक असतातच, पण दिव्या-नालासोपाऱ्याहून किमो घेतलेल्या माणसाला गर्दीच्या लोकलने रोज आणणं म्हणजे त्याचे हाल. निदान रेडिएशनच्या आठवड्यांपुरती तरी परळ-दादरकडेच सोय पाहा.

आंब्याचा सीझन आटपून, किंवा गणपती झाले की गेलं तर चालेल का?

नाही चालणार. बाग खंडाने द्या, गणपती यंदा भावाकडे बसवा. फेब्रुवारीत हाताला लागलेली गाठ जूनमध्ये तशीच राहत नाही. पहिली भेट आणि बायोप्सी तेवढी उरकून घ्या. पुढच्या तारखा ठरवताना डॉक्टरांना घरची अडचण सांगितली, तर शक्य तेवढं ते सांभाळून घेतात.

आईला सांगायचं का, की नुसती "गाठ आहे" म्हणून न्यायचं?

सांगा. टाटाच्या फाटकातून आत गेल्यावर तिला कळतंच. मग ती तुमच्यासाठी न कळल्यासारखं दाखवते आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मनातच ठेवते. सगळे आकडे पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही. तिला जेवढं विचारावंसं वाटेल, तेवढं खरं सांगा.

उपचार संपल्यावर किती वर्षं जावं लागतं? पुन्हा होडीवर जाता येईल?

पहिली दोन-तीन वर्षं साधारण तीन-चार महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी, नंतर वर्षाला एकदा. जखमेची जागा तपासतात आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी काढतात. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवू नका. फुप्फुसातला एखादा लहान ठिपका वेळेत सापडला तर तो काढताही येतो.

होडीचं म्हणाल तर मांडीचा कोणता स्नायू गेला आणि व्यायाम किती नेटाने केला, यावर ते अवलंबून आहे. फिजिओथेरपी ऑपरेशननंतर काही दिवसांतच सुरू होते आणि घरी महिनोन् महिने चालू ठेवावी लागते. पायाला सूज राहत असेल तर दाबाचा मोजा वापरायचा. रेडिएशन झालेल्या भागाचं हाड पुढे ठिसूळ होऊ शकतं, म्हणून हलत्या होडीतून धक्क्यावर उडी मारायची सवय सोडावी लागेल. जाळं ओढायला परत कधी लागायचं, ते फिजिओथेरपिस्टला तुमचं काम नीट समजावून सांगून ठरवा. दर्यावरचं काम कसं असतं, हे परळच्या ओपीडीत आपणहून कुणाला ठाऊक नसतं.